टपालाची पिशवी आणि जकातीचा नाका

पत्र पेटींत टाकणारा मनुष्य एका मोठ्या विश्वासावर वागत असतो. तिकीट लावलें, पाकिटाची कड चिकटवली, कीं तें पत्र ज्याच्या नांवाचें असेल त्याच्याच हातीं पडेल आणि मध्यें कोणी तें उघडणार नाहीं, असें तो गृहीत धरतो. हा विश्वास एका देशापुरता होता तोंपर्यंत त्याची राखण सोपी होती. परंतु ९ ऑक्टोबर १८७४ रोजीं स्वित्झर्लंडमधील बर्न शहरीं बावीस राष्ट्रांनीं एक तह केला, आणि पत्रव्यवहारापुरतें सर्व सभासद राष्ट्रांचें मिळून एकच टपालक्षेत्र मानावयाचें ठरलें. हिंदुस्थान १८७६ सालीं त्यांत सामील झाला. मुंबईस बंद केलेली टपालाची पिशवी मुक्कामाला पोंचेपर्यंत वाटेंतल्या देशांनीं न उघडतां पुढें धाडावी, हा प्रघात या तहानें जगभर रूढ झाला. मानवी सहकार्याचीं जीं थोडीं निर्मळ उदाहरणें आहेत, त्यांत याची गणना केली पाहिजे.

परंतु जी मोहोर सज्जनाच्या पत्राचें रक्षण करते, तीच चोराच्या मालाचेंहि रक्षण करते. पिशवी टपालखात्याच्या हातीं असते, पण आंत काय आहे हें पाहण्याचा अधिकार सहसा त्याला नसतो. कस्टम्सला, म्हणजे सरहद्दीवरील जकातखात्याला, पाहण्याचा अधिकार असतो. पण पिशवी त्याच्या हातीं नसते. पाठविणारा कोण हें एका देशाला माहीत, घेणारा कोण हें दुसऱ्याला. या दोहोंमध्यें जी फट राहते तिच्यांतून अफू, मॉर्फिया, कोकेन, हेरॉइन आणि अलीकडे त्यांहूनहि भयंकर द्रव्यें वाहत आलीं. ही फट बुजविण्याकरितां सरकारांनीं शंभर वर्षांहून अधिक काळ जे यत्न केले, त्यांचा इतिहास एका प्रश्नाभोंवतीं फिरतो: सर्वांचीं पत्रें न फोडतां थोड्या अपराध्यांचीं पाकिटें कशीं हुडकावीं?

या प्रश्नाचा पहिला मोठा धडा चीनमध्यें मिळाला, आणि त्या कथेच्या आरंभीं मुंबईचेंहि नांव आहे. एकोणिसाव्या शतकांत बंगालची अफू कलकत्त्याहून व माळव्याची अफू मुंबईहून चीनला जात असे, आणि मुंबईंतील कित्येक मोठ्या पेढ्यांचें वैभव या व्यापारावर उभें राहिलें होतें. १९०६ सालीं चीनच्या बादशाही सरकारनें अफूचें व्यसन दहा वर्षांत नाहींसें करण्याचा हुकूम काढला. पुढें ब्रिटिश सरकारशीं करार होऊन १९०८ पासून हिंदुस्थानांतील निर्गत वर्षावर्षाला कमी होऊं लागली, आणि १९१३ सालीं चीनसाठीं अफूची विक्री थांबली. समोरचा दरवाजा बंद झाला. पण तो बंद होण्यापूर्वींच मागची खिडकी उघडली होती.

ती खिडकी म्हणजे मॉर्फिया. अफूची एक पेटी सुमारें १४० पौंड वजनाची असे. ती बोटींतून उतरवायला हमाल लागत, ठेवायला वखार लागे, आणि तिचा वास लपत नसे. मॉर्फिया हा अफूचाच अर्क. अफूंत त्याचें प्रमाण साधारणतः दहावा हिस्सा असतें. म्हणजे एका पेटीचें सामर्थ्य दोनतीन टपाली पार्सलांत मावूं शकतें. हें पांढरें चूर्ण युरोपांतल्या कारखान्यांत तयार होई, आणि चीनमध्यें पुष्कळदां अफू सोडविणारें औषध म्हणूनच विकलें जाई. व्यसनी मनुष्य एक बेडी काढावयास जाई आणि दुसरी, अधिक घट्ट, घालून घेई.

आतां हीं पार्सलें चीनच्या जकातखात्याच्या दृष्टीस कां पडूं नयेत? वस्तुतः चीनमध्यें टपाल व जकात यांचें नातें इतर कोणत्याहि देशापेक्षां जवळचें होतें. सर रॉबर्ट हार्ट हा आयरिश गृहस्थ १८६३ पासून चीनच्या जकातखात्याचा मुख्य होता, आणि १८९६ सालीं बादशाही टपालखातें स्थापन झालें तें त्याच्याच देखरेखीखालीं. १९११ सालीं तीं दोन खातीं वेगळीं झालीं. तेव्हां दोन पहारेकरी कांहीं काळ एकाच घरांत राहत होते, असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु चीनच्या बंदरांत चीनच्या टपालकचेरीशिवाय ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया, जपान आणि अमेरिका यांनीं आपापल्या टपालकचेऱ्या उघडल्या होत्या. त्यांची पिशवी त्यांच्या जहाजांतून येई, त्यांच्या कचेरींत उघडे, आणि तींतील माल त्यांचे सेवक वांटीत. चीनच्या भूमीवर, चिनी लोकांच्या हातीं पडणाऱ्या पार्सलावर, चीनच्या अधिकाऱ्याची सत्ता चालत नसे.

१९०९ सालीं शांघाय येथें तेरा राष्ट्रांचें अफूविषयक मंडळ बिशप चार्ल्स ब्रेंट यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें, आणि त्यानंतर हेग येथें परिषद होऊन २३ जानेवारी १९१२ रोजीं पहिला आंतरराष्ट्रीय अफू-करार झाला. त्या कराराचें एकोणिसावें कलम या विषयाच्या इतिहासांत महत्त्वाचें आहे. ज्या राष्ट्रांच्या टपालकचेऱ्या चीनमध्यें आहेत, त्यांनीं पार्सलांच्या रूपानें अफू, मॉर्फिया, कोकेन वगैरे द्रव्यें चीनमध्यें बेकायदा येऊं नयेत, आणि त्या कचेऱ्यांमार्फत एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाऊं नयेत, अशी परिणामकारक व्यवस्था करावी, असा त्याचा आशय होता. टपालाचा मार्ग हाच एक स्वतंत्र धोका आहे, हें राष्ट्रांनीं मिळून येथें मान्य केलें.

मान्य करणें आणि अंमलांत आणणें यांत मात्र अंतर होतें. करारास सर्वांची संमति मिळण्यापूर्वींच पहिलें महायुद्ध सुरू झालें. १९१९ च्या व्हर्सायच्या तहांत, २९५ व्या कलमानें, तहावर सही करणाऱ्या राष्ट्रांना हा अफू-करारहि बंधनकारक करण्यांत आला; पण मधल्या वर्षांत मॉर्फियाचा ओघ चालूच राहिला होता. जपानी टपालकचेऱ्यांतील पार्सलें तपासण्याचा अधिकार चीनच्या जकातखात्याला नाहीं, आणि तेथूनच मॉर्फिया आंत शिरतो, अशी उघड तक्रार शांघायच्या इंग्रजी पत्रांनीं त्या काळांत केली. चूक एकट्या जपानची नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. माल बनविणारे कारखाने युरोपांत होते, आणि त्यांच्या सरकारांनीं तो कोणाकडे चालला आहे हें विचारण्याची तसदी पुष्कळ दिवस घेतली नाहीं.

या अडचणीचा उलगडा अफूच्या परिषदेंत झाला नाहीं. तो वॉशिंग्टन येथें १९२१-२२ सालीं आरमार आणि पूर्वेकडील राजकारण यांसंबंधीं जी परिषद भरली, तींत झाला. १ फेब्रुवारी १९२२ च्या ठरावानें अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व जपान या चार राष्ट्रांनीं, भाडेपट्ट्यानें घेतलेला मुलूख वगळून, चीनमधील आपल्या टपालकचेऱ्या १ जानेवारी १९२३ पर्यंत बंद करण्याचें कबूल केलें. त्याहून लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ठरावांत पुढें आहे. कचेऱ्या बंद होईपर्यंतच्या काळांतहि त्यांतील टपाल तपासण्याची पूर्ण मोकळीक चीनच्या जकातखात्याला देण्यांत आली. अपवाद फक्त साध्या पत्रांचा, म्हणजे बाहेरून पाहतांच ज्यांत केवळ लिखित मजकूर आहे असें स्पष्ट दिसतें अशा पत्रांचा. पार्सल उघडावें, पत्र उघडूं नये, आणि पत्राच्या वेषांत माल आहे असें बाहेरून दिसलें तर तो माल समजावा, असा विवेक त्या ठरावांत केलेला आहे. पुढच्या शंभर वर्षांतील बहुतेक कायद्यांचें बीज या एका वाक्यांत सांपडतें.

कचेऱ्या ठरल्याप्रमाणें बंद झाल्या. म्हणून चीनमधील मॉर्फिया संपला असें नव्हे. दक्षिण मांचुरियांत जपानच्या ताब्यांतील मुलूख व रेल्वेचा पट्टा ठरावाच्या बाहेर राहिले, आणि तस्करांनीं तो मार्ग धरला. एक दार लावलें कीं पाणी दुसऱ्या दाराकडे वळतें, हा अनुभव या इतिहासांत पुन्हा पुन्हा येतो.

दार लावण्यापेक्षां पाणी उगमापाशींच मोजावें, हा विचार त्यानंतर पुढें आला. १९२५ सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें जिनीव्हा येथें झालेल्या करारानें आयात-दाखल्याची पद्धति सर्वत्र लागू केली. ज्या देशाला औषधासाठीं मॉर्फिया हवा असेल त्याच्या सरकारनें तसा दाखला द्यावा. तो पाहिल्यावांचून दुसऱ्या सरकारनें माल बाहेर सोडूं नये. आणि परवान्याची एक प्रत घेणाऱ्या सरकारकडे जावी. कल्पना साधी आहे. दोन व्यापारी एकमेकांस लिहीत होतेच. आतां त्यांच्या पाठोपाठ दोन सरकारेंहि एकमेकांस लिहूं लागलीं. १९६१ सालच्या एकत्रित करारांत या पद्धतीला आणखी एक जोड मिळाली: अशीं द्रव्यें कोणत्याहि टपालपेटीच्या क्रमांकावर पाठवूं नयेत. पेटीला क्रमांक असतो, चेहरा नसतो. आणि ज्याला आपला चेहरा दाखवावयाचा नाहीं, त्यालाच अशा पत्त्याची गरज पडते.

या सर्व योजना पार्सलासाठीं होत्या. पण हेरॉइनसारखें द्रव्य जाड पाकिटांतहि मावूं लागलें, तेव्हां मूळ प्रश्न पुन्हा उभा राहिला: पत्राचें काय? त्याचा सविस्तर खल अमेरिकेंत झाला. तेथील वरिष्ठ न्यायालयानें १८७८ सालींच म्हटलें होतें, कीं टपालांतील बंद पत्राला घरांत ठेवलेल्या कागदांइतकेंच संरक्षण आहे. न्यायाधीशाच्या वॉरंटावांचून तें उघडतां येणार नाहीं. उलटपक्षीं परदेशांतून येणाऱ्या मालाची झडती घेण्याचा अधिकार जकातखात्याला १८६६ च्या कायद्यानें दिलेला होता. दोन्ही तत्त्वें शंभर वर्षें शेजारीं शेजारीं नांदलीं.

१९७४ सालीं त्यांची गांठ पडली. न्यूयॉर्कच्या मुख्य टपालकचेरींत थायलंडहून आलेल्या टपालांत आठ फुगीर पाकिटें एका जकात-अधिकाऱ्याच्या दृष्टीस आलीं. तीं वॉशिंग्टन शहराच्या आसपासच्या चार निरनिराळ्या पत्त्यांवर जावयाचीं होतीं, आणि सर्वांवरचे पत्ते एकाच टंकयंत्रावर उठवलेले दिसत होते. हातीं घेतां आंत कागदापेक्षां जाड कांहीं लागलें. एक पाकीट तोललें तों ४२ ग्रॅम भरलें. म्हणजे साध्या हवाई पत्राच्या तिपटीहून अधिक. त्यानें तें उघडलें, आणि आंत हेरॉइन निघालें. मग पाकिटें पुन्हा बंद करून, पाळत ठेवून पत्त्यांवर पोंचविण्यांत आलीं, आणि घेणारे पकडले गेले. टपालवाला, जकातवाला व पोलीस यांनीं एकेकट्यानें जें साधलें नसतें तें तिघांनीं मिळून साधलें.

परंतु वॉरंट कोठें होतें? खटला वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७७ सालीं सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल लागला कीं, सरहद्द ओलांडून येणाऱ्या पाकिटाविषयीं सकारण संशय असेल तर जकातखात्यानें तें उघडणें सरहद्दीवरील झडतीच्या अधिकारांत बसतें. पत्राच्या गुप्ततेला यामुळें बाध येतो असें तिघां न्यायाधीशांचें मत पडलें, आणि त्यांची भीति निराधार नव्हती. म्हणूनच नियमांतील एक मर्यादा येथें मुद्दाम सांगितली पाहिजे: पाकीट उघडलें तरी आंतील पत्र वॉरंटावांचून वाचावयाचें नाहीं. हात माल शोधील, डोळे मजकूर शोधणार नाहींत, असा हा दंडक आहे. तो पाळला जातो तोंवरच लोक टपालावर विश्वास ठेवतील.

२० डिसेंबर १९८८ रोजीं व्हिएन्ना येथें संयुक्त राष्ट्रसंघाचा तस्करीविरुद्धचा करार झाला. त्याचेंहि टपालाविषयींचें कलम, योगायोगानें, एकोणिसावेंच आहे. १९१२ चें कलम चीनमधील परक्या टपालकचेऱ्यांपुरतें होतें. १९८८ चें कलम सर्व राष्ट्रांना उद्देशून आहे. टपालाचा तस्करीसाठीं होणारा उपयोग बंद पाडण्याकरितां राष्ट्रांनीं परस्परांस साहाय्य करावें, संशयित पाकिटें ओळखण्याच्या रीती सुधाराव्या, आणि न्यायालयांत टिकेल असा पुरावा गोळा करतां यावा म्हणून कायदे करावे, असें तें सांगतें. पाळत ठेवून माल पुढें जाऊं देण्याची जी युक्ति न्यूयॉर्कच्या प्रकरणांत दिसली, तिलाहि या करारांत स्वतंत्र स्थान मिळालें.

ही व्यवस्था श्रोत्यांना अगदींच अपरिचित नाहीं. परदेशाहून पुस्तक किंवा भेटवस्तु आली असतां तिच्यावर लहानशी हिरवी चिठ्ठी दिसते. आंत काय आहे, वजन किती, किंमत किती, हें पाठविणाऱ्यानें तिच्यावर लिहून द्यावयाचें असतें. मुंबईस बॅलार्ड इस्टेटींतील परदेशी टपालाच्या कचेरींत पिशवी टपालखात्याचे सेवक सोडतात आणि माल कस्टम्सचे अधिकारी पाहतात. संशयित टपाल जकात-अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्याची तरतूद १८९८ च्या टपाल कायद्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या कायद्यांतहि आहे. पण चिठ्ठीला एक मोठी उणीव होती. ती पार्सलाबरोबरच प्रवास करी. जकात-अधिकाऱ्याला ती दिसे तेव्हां ढिगाऱ्यांतील लाखों चिठ्ठ्यांपैकीं ती एक असे, आणि तोंवर उशीर झालेला असे.

ही उणीव किती प्राणघातक ठरूं शकते हें अमेरिकेला फेंटानिल या कृत्रिम द्रव्यानें दाखविलें. शस्त्रक्रियेंत वेदना शमविण्यास हें उपयोगी औषध आहे. पण तें मॉर्फियाच्या सुमारें शंभरपट प्रभावी असून त्याचे दोन मिलिग्रॅमहि मनुष्याचा जीव घेऊं शकतात. अफूची पेटी मॉर्फियाच्या पार्सलांत मावली होती. मॉर्फियाचें पार्सल आतां साध्या पाकिटांत मावूं लागलें. २०१७ या एका वर्षांत अमेरिकेंत मादक द्रव्यांच्या अतिसेवनानें ७०,००० हून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांपैकीं २८,००० हून अधिक मृत्यूंत फेंटानिलसारख्या कृत्रिम द्रव्यांचा हात होता. यांतील कांहीं माल चीनमधून टपालानें थेट घरोघर येत होता.

जानेवारी १९१२ मध्यें हेगला जें लिहिलें गेलें, त्याचीच उजळणी जानेवारी २०१८ मध्यें अमेरिकन सिनेटच्या एका चौकशी-अहवालांत झाली. इंटरनेटवरील विक्रेते खाजगी कुरिअरपेक्षां सरकारी टपालच पसंत करीत होते. कारण स्पष्ट होतें. खाजगी कंपन्यांना प्रत्येक पार्सलाची माहिती तें पोंचण्यापूर्वींच विद्युत्-मार्गानें जकातखात्याला द्यावी लागे. टपालाला तें बंधन नव्हतें. २०१७ सालीं परदेशांतून आलेल्या सुमारें ४९ कोटि ८० लक्ष पार्सलांपैकीं केवळ ३६ टक्क्यांचीच अशी आगाऊ माहिती टपालखात्याजवळ होती. चोरानें फट बरोबर हेरली होती.

२४ ऑक्टोबर २०१८ रोजीं अमेरिकेंत जो कायदा झाला, त्यानें टपालाची हिरवी चिठ्ठी जणू पार्सलाच्या आधीं धाडावयास लावली. पाठविणारा, घेणारा, वस्तु, वजन, ही माहिती निघण्याच्या ठिकाणच्या टपालखात्यानें पुढें कळवावी. अमेरिकन टपालखात्यानें ती जकातखात्याला द्यावी. जकातखात्यानें तींतून संशयित पार्सलें निवडून टपालखात्याकडे मागावीं. औषध दिसेल तेथें तें खरें कीं खोटें, मान्य कीं अमान्य, हें अन्न व औषध प्रशासनानें ठरवावें, आणि गुन्हा दिसेल तेथें टपालाच्या निरीक्षकांनीं व पोलिसांनीं पुढचा शोध करावा. २०२० अखेरपर्यंत सर्व पार्सलें या नियमाखालीं आणण्याची मुदत होती. ती उलटली तेव्हांहि कित्येक गरीब देशांच्या टपालखात्यांना हें साधलें नव्हतें. कारण यंत्रें, तारा आणि शिकलेले सेवक कायद्याच्या कागदाबरोबर येत नाहींत. चीननें मात्र १ मे २०१९ पासून फेंटानिलचा सर्व वर्गच नियंत्रणाखालीं आणला, आणि तेथून थेट येणारें टपाल घटलें. पाणी येथेंहि वळलें: कच्चीं रसायनें मेक्सिकोंत जाऊं लागलीं व तयार माल जमिनीच्या सरहद्दीनें येऊं लागला.

हिंदुस्थानाचा या कथेंतील शेवटचा प्रवेश पहिल्यापेक्षां पुष्कळ निराळा आहे. २८ ते ३० जानेवारी २०२० या तीन दिवसांत अमेरिकेचें अन्न व औषध प्रशासन आणि भारताचें महसूल गुप्तचर संचालनालय यांनीं मिळून एका अमेरिकन आंतरराष्ट्रीय टपालकेंद्रांत तपासणी केली. दोन देशांच्या या खात्यांची अशी ही पहिलीच जोडमोहीम. आठशेंहून अधिक पार्सलें पाहिलीं गेलीं, आणि सुमारें पांचशें ग्राहकांपर्यंत पोंचण्यापूर्वीं अडविलीं गेलीं. त्यांत केवळ मादक द्रव्यें नव्हतीं. कर्करोग व एच्. आय्. व्ही. यांवरचीं म्हणून पाठविलेलीं, पण तेथें मान्यता नसलेलीं औषधेंहि होतीं. कित्येक पार्सलें मूळ ठिकाण लपविण्याकरितां तिसऱ्याच देशांतून फिरवून आणलेलीं होतीं. व्यसनी मनुष्य विष घेतों हें निदान जाणतो. रोगी मात्र औषध म्हणून काय घेत आहे हें जाणत नाहीं. त्याच्या बाजूनें पाहणारा दुसरा कोणी हवा, आणि तो पाठविणाऱ्या देशांतहि हवा.

ज्या मुंबई बंदरांतून एके काळीं सरकारच्या संमतीनें अफूच्या पेट्या चीनला जात, त्याच देशाचे अधिकारी आज परक्या देशांतील अनोळखी रोग्यासाठीं पार्सलें तपासतात, हा फरक लहान नव्हे. तो घडावयास शंभर वर्षें लागलीं, आणि तो कोणत्याहि एका कायद्यानें घडला नाहीं. प्रत्येक वेळीं तस्कर जिंकला तो दोन खात्यांच्या किंवा दोन सरकारांच्या अबोल्यामुळें, आणि हरला तो त्यांनीं एकमेकांस वेळेवर कळविल्यामुळें. सर्वांचीं पत्रें फोडणें हा सोपा उपाय कोणत्याहि जुलमी सरकाराला सुचेल. आपल्याजवळची माहिती शेजाऱ्याला देणें, त्याचा अधिकार मानणें, आणि मिळालेल्या अधिकाराची मर्यादा पाळणें हा कठीण उपाय आहे. पण पत्र पेटींत टाकणाऱ्याचा विश्वास आणि घरांतल्या मुलाचा जीव, हीं दोन्ही राखणारा उपाय तोच आहे.